पिवळ्या पानाचा न्याय

मराठीत 'निदान' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. वैद्य रोगाचे निदान करतो, आणि आपण एखाद्यास विनवितो की, "निदान एवढे तरी करा." पहिल्या अर्थात कारणाचा शोध आहे, दुसऱ्यात किमान कर्तव्याची मर्यादा आहे. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले याचा निर्णय भाषापंडितांनी करावा; आम्हांस मात्र त्यांचे साहचर्य बोधप्रद वाटते. ज्याचे दुःख दूर करावयाचे त्या दुःखाचे कारण जाणून घेणे, हे निदान एवढे तरी आपल्याकडून घडावे, असेच जणू तो शब्द सुचवितो. प्रस्तुत लेखाचा विषय तसा लहान आहे. घरात कुंडीत वाढविलेल्या कोवळ्या रोपांची पाने वळतात, पिवळी पडतात, त्यांवर डाग उमटतात. अशा वेळी काय करावे? परंतु या लहान प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. जो जीव सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहे आणि ज्यास वाचा नाही, त्याच्याविषयी आपले पहिले कर्तव्य कोणते? काहीतरी करणे, की जाणून घेणे? आणि जाणून न घेता जी माया केली जाते तिला माया म्हणावे काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो काशीत, अहिल्याबाई घाटाच्या परिसरात. दशाश्वमेधाच्या दक्षिणेस शीतला घाट आणि त्यास लागून हा घाट. पूर्वी त्यास केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधविला आणि तेव्हापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. गंगेच्या पश्चिम तीरावरील ही वस्ती पूर्वाभिमुख आहे. नदीकडे उघडणाऱ्या खिडक्यांत सकाळचे ऊन भरभरून येते आणि दुपार कलली की तेथे सावली पडते. मागल्या अरुंद गल्ल्यांतील खोल्यांत तर सूर्य पाहुण्यासारखा क्षणभर डोकावून जातो. बदलीच्या निमित्ताने या शहरी आलेली मराठी कुटुंबे अशाच खोल्यांतून बिऱ्हाड मांडतात. भांडीकुंडी लागली, देव बसले, की खिडकीत एक तुळस येते. मागोमाग पानओवा, गवती चहा, मिरचीची दोनचार रोपे आणि कोपऱ्यात बाटलीतला मनी प्लांट. भाड्याच्या भिंतींना आपलेपणा आणण्याचा याहून स्वस्त आणि सात्त्विक मार्ग नाही. म्हणूनच या रोपांपैकी एखाद्याचे पान वळू लागले की घरातील मंडळींस जी रुखरुख लागते ती त्या रोपाच्या बाजारभावाच्या मानाने फार मोठी असते. आपल्या हाताला या परक्या मातीत यश नाही की काय, अशी शंका मनास चाटून जाते.

शंका आली की हात चालू लागतो. पान पिवळे दिसले की आपण पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी आणखी पिवळे दिसले तर आणखी पाणी घालतो. तिसऱ्या दिवशी कोणी खत सुचवितो, चौथ्या दिवशी कोणी औषधाची बाटली आणून देतो. हे सारे प्रेमापोटी घडते यात संशय नाही. परंतु वनस्पतिशास्त्र येथे एक विलक्षण अडचण पुढे करते. पाणी कमी पडले तरी पान पिवळे पडते आणि कोमेजते. पाणी अति झाले तरीही पान पिवळे पडते आणि कोमेजते. मुळांस पाण्याइतकाच प्राणवायू लागतो, कारण तीही श्वसन करतात. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की हवेचा मार्ग बंद होतो. हवेतून प्राणवायू ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगानेच तो पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, कुजू लागतात, आणि चहूकडे पाणी असूनही ते वर पोचविण्याचे सामर्थ्य त्यांत उरत नाही. रोप बुडत असते आणि ते पाहणाऱ्यास तहानलेले दिसते. अशा वेळी घातलेला प्रत्येक तांब्या रोपाच्या मरणास हातभार लावतो, आणि घालणाऱ्याच्या मनात मात्र आपण त्यास वाचवीत आहोत अशी निःशंक भावना असते.

काशी ही न्यायशास्त्राची नगरी. येथील पाठशाळांतून शतकानुशतके जे शिकविले गेले त्यात या अडचणीचे नाव आहे. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष मानले जाते. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष होय. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघावयास ओल्या सरपणाची जोड लागते. ही जी न दिसणारी जोडअट तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. जे चिन्ह साध्य असताही आढळते आणि साध्य नसताही आढळते, त्यास ते 'सव्यभिचार' म्हणतात आणि त्याच्या आधारे निर्णय देण्यास मनाई करतात. "पान पिवळे आहे, म्हणून रोप तहानलेले आहे" हे आपले रोजचे अनुमान नेमके या जातीचे आहे. पान खोटे बोलत नाही. त्याने जेवढे सांगितले त्याहून अधिक आपण ऐकतो.

मग पानावर विश्वास ठेवूच नये काय? तसे नव्हे. साक्षीदारास नीट प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न असा की, विकार आधी कोठे दिसला. तळच्या जुन्या पानांत की शेंड्याच्या नव्या पानांत? वनस्पतीच्या देहात काही द्रव्ये हलती असतात. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम यांची चणचण भासली की रोप जुन्या पानांतून ती काढून घेऊन कोवळ्या पालवीस पुरविते. म्हणून त्यांच्या अभावी तळची पाने प्रथम पिवळी पडतात, अथवा त्यांच्या कडा करपतात. लोह आणि चुना ही द्रव्ये मात्र एकदा जेथे बसली तेथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याशी दिसते. नवे पान पिवळे आणि त्यावरील शिरांची जाळी तेवढी हिरवी, असे दिसले की लोहाची आठवण करावी. त्यातही एक मेख आहे. मातीत चुना अधिक असला, किंवा रोज चुनखडीचे जड पाणी पडत असले, तर लोह मातीत असूनही मुळांस घेता येत नाही. ताट वाढलेले आहे आणि घास मात्र घशाखाली उतरत नाही, अशी ती अवस्था. तेथे ताटात आणखी वाढून काय होणार?

दुसरा प्रश्न पानाच्या पाठीस विचारावयाचा असतो. आमच्या ओळखीच्या एक वृद्ध बाई आहेत. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या काशीतच नांदल्या. शेजारच्या एका बिऱ्हाडातील तुळशीची पाने द्रोणासारखी वळून तपकिरी होऊ लागली तेव्हा त्यांस बोलावणे गेले. घरच्या सूनबाई म्हणाल्या, "आजी, रोज न चुकता पाणी घालते हो मी." आजींनी पाण्याविषयी चकार शब्द काढला नाही. पान बोटांवर उलटे धरून त्या म्हणाल्या, "अगं, देवाला वाहताना आपण पान सुलटं बघतो. दुखणं बघताना ते उलटं बघावं." पानाच्या पाठीवर जाळीदार पंखांचे अगदी बारीक किडे आणि काळे ठिपके होते. तुळशीवर पडणारा हा रस शोषणारा किडा सर्वश्रुत आहे. पाणी कमीअधिक करून तो जाणारा नव्हता. पाने धुऊन आणि रोगट शेंडे खुडून तो आवरला. मिरचीच्या बाबतीत तर आपल्या शेतकऱ्यांनी वळण्याच्या दिशेवरूनच चोर ओळखावयाची विद्या साधली आहे. पान कडांनी वर वळले तर फुलकिडे, खाली वळले तर कोळी, आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूने सारा शेंडाच आक्रसला तर त्यास 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' असे ठसठशीत नाव. ज्यांचे पोट पानावर अवलंबून असते त्यांस पान वाचावेच लागते.

तिसरा प्रश्न मात्र पानास विचारावयाचा नसून स्वतःस विचारावयाचा आहे : हा विकार आहे हे कशावरून? चैत्रात पिंपळाची पालवी तांबूस असते. आंब्याचे कोवळे पान तर तांबड्या वस्त्रात गुंडाळल्यासारखे लोंबते. हिरव्या रंगाची कल्पना मनात धरून जो पाहील त्यास ही पाने आजारी वाटतील. वास्तविक तो निरोगी बालपणाचा रंग होय आणि पान पक्व होताच तो आपोआप जातो. याच्या उलटही घडते. सतराव्या शतकात हॉलंड देशात ज्या पट्टेदार ट्यूलिप फुलांपायी लोकांनी संपत्ती उधळली, त्या पट्ट्यांचे मूळ एका विषाणूत होते. १९२८ साली इंग्लंडमध्ये डोरोथी केली या विदुषीने तो विकार एका कंदातून दुसऱ्यात जातो हे दाखविले. ज्यास जग सौंदर्य म्हणून मिरवीत होते ती व्याधी होती, आणि तिच्यामुळे ते कंद पिढीगणिक दुबळे होत जात. तेव्हा आपल्यास आवडते ते आरोग्य आणि खटकते तो रोग, हा न्याय उपयोगाचा नाही. प्रत्येक जातीचे आरोग्य तिच्या स्वतःच्या मापाने मोजावे लागते.

एवढे करूनही कधीकधी रोपात काहीच सापडत नाही. पान उलटून पाहावे तर स्वच्छ. माती चाचपावी तर बेताची ओली. अशा वेळी दृष्टी रोपावरून उचलून खोलीकडे वळवावी लागते. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह नावाचा एक तरुण अभ्यासक वाटाण्याची रोपे प्रयोगशाळेत वाढवीत असे. ती खुरटी, जाड आणि आडवी वाढत. तीच रोपे बाहेरच्या हवेत ठेवली की सरळ वाढत. दोष बियाण्यात नव्हता आणि मातीतही नव्हता. प्रयोगशाळेत दिव्यांसाठी जो वायू खेळविला होता त्याच्या गळतीतील एथिलीनचा अंश हे कारण असल्याचे त्याने १९०१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९३४ साली असे सिद्ध झाले की हा वायू पिकणारी फळे स्वतःही सोडतात. म्हणून केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवलेल्या नाजूक रोपाची पाने गळाली तर आश्चर्य मानू नये. लंडनमधील डॉक्टर नॅथनिएल वॉर्ड यांच्या अंगणातील नेचे कोळशाच्या धुरात जगत ना. १८२९ साली त्यांनी एका झाकलेल्या काचेच्या बाटलीत दमट माती घालून पतंगाचा कोश ठेवला होता. त्या मातीतून नेच्याचे एक रोप आपोआप उगवले आणि टवटवीत राहिले. नेच्यास सोसत नव्हती ती लंडनची हवा, हे त्या बाटलीने सांगितले. आपल्याकडे सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षांच्या आजाराचा विचार करताना पाने फिकी पडणे, पालवी न वाढणे, फांद्या वाळणे ही लक्षणे सांगितली, आणि त्यांचे कारण म्हणून थंडी, वारा व ऊन यांकडे बोट दाखविले. झाडाच्या आजाराचे मूळ झाडाबाहेरही असते हे त्यास स्पष्ट दिसत होते.

काशीत राहणाऱ्यास हे अनुभवाने कळते. कोकणातील तुळशीस थंडी म्हणजे काय ते ठाऊक नसते. येथे पौष-माघात गंगेवरचे धुके खिडकीशी येऊन बसते, दिवसचे दिवस ऊन पडत नाही, आणि तुळशीचे पान काळपट होऊन गळू लागते. ज्येष्ठात पारा कधीकधी ४५ अंशांस स्पर्श करतो आणि 'लू' नावाचा तप्त वारा सुटतो. त्या वाऱ्यात कोवळ्या पानांच्या कडा अर्ध्या दिवसात करपतात. रत्नागिरीच्या अंगणात शिकलेले पाणी घालण्याचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालविले तर ते वेळापत्रक बरोबर असूनही रोप मरते. नियम ज्या हवेत जन्मला ती हवाही त्याच्यासोबत आणता आली असती तर गोष्ट वेगळी.

आजकाल या साऱ्या खटाटोपास एक सोपा पर्याय निघाला आहे. पानाचे छायाचित्र काढावे आणि यंत्रास विचारावे. ते तत्काळ रोगाचे नाव सांगते. या विद्येची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. तिने पुष्कळांचे पीक वाचविले असेल. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात जे दिसले ते येथे सांगण्यासारखे आहे. संशोधकांनी १४ पिकांच्या ५४,३०६ पानांची चित्रे यंत्रास शिकविली. त्याच संग्रहातून बाजूस ठेवलेली चित्रे ओळखावयास दिली तेव्हा शंभरात ९९हून अधिक उत्तरे बरोबर आली. मग वेगळ्या परिस्थितीत काढलेली चित्रे दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा सुमारे ३१ वर उतरले. शिकविताना वापरलेले प्रत्येक पान झाडापासून तोडून साध्या पार्श्वभूमीवर एकेकटे ठेवलेले होते. झाडापासून, मातीपासून, उजेडापासून तोडलेल्या पानावर न्याय करावयास शिकलेली बुद्धी, पान पुन्हा जगात ठेवताच गोंधळली. हा दोष यंत्राचाच आहे असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. माणसेही पुष्कळदा असाच न्याय करतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अज्ञानाने केलेल्या मायेस माया म्हणावे काय? अति पाण्याने रोप मेले तर घालणाऱ्याच्या हेतूस दोष देणे कठीण आहे. तथापि हेतू शुद्ध असला म्हणजे कर्तव्य संपले, हा विचार आम्हांस मान्य होत नाही. बारकाईने पाहिले तर त्या घाईच्या पाण्यात रोपाची काळजी जेवढी असते तेवढीच स्वतःच्या अस्वस्थतेवरचा उतारा शोधण्याची इच्छाही असते. पिवळे पान नुसते पाहत बसणे असह्य होते. तांब्याभर पाणी घातले की आपल्यास बरे वाटते. ज्यास बरे वाटले तो आपण. रोपाचे काय झाले हे चार दिवसांनी कळावयाचे असते. उपकार करणाऱ्याच्या समाधानाने उपकार मोजावयाचा, आणि ज्याच्यावर तो झाला तो मुका असल्याने त्याचे मत विचारावयाचे नाही, ही नीती सोयीची आहे, पण ती न्यायाची नाही. खरी माया दुसऱ्याकडे पाहण्याचे कष्ट सोसते आणि पाहणे पुरे होईतो स्वतःची अस्वस्थता गिळते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, जाणून घेण्याच्या नादात रोप हातचे जाईल. आक्षेप योग्य आहे. लाल कोळी उन्हाळ्यात काही दिवसांत सारे रोप जाळ्याने वेढतो. विषाणूने ग्रासलेली मिरची उपटण्यास उशीर केला तर शेजारची रोपेही जातात. चौकशीच्या नावाखाली काहीच न करणे हा दुर्गुण कचेऱ्यांतून सुप्रसिद्ध आहे, आणि त्याची भलावण करावयास आम्ही हा लेख लिहीत नाही. पण येथे आयुर्वेद एक मधला मार्ग दाखवितो. निदानाच्या पाच अंगांत त्याने 'उपशय' नावाचे एक अंग मानले आहे : अल्प उपचार करून पाहावा आणि त्याने उतार पडतो की नाही यावरून रोग ओळखावा. एकोणिसाव्या शतकात, १८४०च्या दशकात, फ्रान्समधील यूझेब ग्री यांनी पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावून पाहिले आणि ती पुन्हा हिरवी होतात हे दाखविले. त्यांचा उपचार हाच त्यांचा पुरावा ठरला. यातून काही साधे नियम निघतात. प्रथम तेच करावे जे चुकल्यास परत फिरविता येते : बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे, बोट मातीत खुपसून ओल पाहावी, कुंडी इतरांपासून दूर करावी, पाने धुवावी. खत आणि जहाल औषध ही परत न येणारी पावले मागाहून. एका वेळी एकच बदल करावा, कारण चार उपाय एकदम केले तर रोप जगले तरी कशाने जगले हे कळत नाही, आणि मेले तर कशाने मेले हेही कळत नाही. जाणणे आणि करणे यांचा झगडा येथे मिटतो. योग्य रीतीने केलेली लहान कृती हीच एक प्रकारची विचारपूस होते.

आमचे वाचक बहुतांशी शासकीय सेवेतील आहेत. त्यांस या विचाराचा दुसरा टोक दाखवावयास नको. एखादा हाताखालचा मनुष्य कामात मागे पडू लागतो. पान पिवळे पडले. आपण त्यावर काम वाढवितो, कारण आळसाचे औषध काम होय. किंवा मेमो देतो, कारण बेपर्वाईचे औषध शिक्षा होय. मागे पडणे हे चिन्ह आळसाचे असते तसे अतिभाराचेही असते, घरच्या आजारपणाचेही असते, डोळ्यांस चष्मा लागल्याचेही असते. सव्यभिचार चिन्हावर दिलेला निर्णय कागदावर मात्र निःसंदिग्ध दिसतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की सेवकाच्या वार्षिक अहवालातील प्रत्येक शेरा त्यास कळविला पाहिजे, म्हणजे त्यास त्यावर आपले म्हणणे मांडता येईल. त्यापूर्वी सामान्यतः प्रतिकूल शेरेच कळविले जात. या निर्णयाकडे आम्ही कायद्याच्या दृष्टीने पाहत नाही. मुक्या पानास वाचा देण्याचा तो एक प्रयत्न आहे असे आम्हांस वाटते.

परंतु याहून नाजूक प्रसंग घरात असतो. बदलीच्या गावी मूल नव्या शाळेत जाते. भाषा हिंदी, मास्तर अपरिचित, सवंगडी मागे राहिलेले. पहिल्या चाचणीत गुण घसरतात आणि मूल अबोल होते. आई-बाप घाबरतात आणि लगेच शिकवणी लावतात, एक पुरेशी वाटली नाही तर दुसरी. कधी त्याची खरोखर गरज असते. पुष्कळदा मात्र ते पोर अभ्यासाने उपाशी नसून एकटेपणाने गुदमरलेले असते, आणि वरून आणखी पाणी पडत राहते. मूल बोलू शकते हे खरे. पण बापाच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून ते बोलत नाही. रोपाचा मुकेपणा निसर्गाने दिलेला आहे, मुलाचा पुष्कळ वेळा आपण दिलेला असतो.

अशा घरांस वनस्पतिशास्त्रातील एक वस्तुस्थिती दिलासा देईल. भर उन्हात वाढलेले रोप सावलीच्या खोलीत आणले की ते प्रथम पाने गाळते. कचेऱ्यांत ठेवतात तो बारीक पानांचा शोभेचा वड याबद्दल प्रसिद्धच आहे. जागा बदलली की त्याखाली पानांचा सडा पडतो. मालकास वाटते, झाड चालले. वास्तविक उन्हासाठी घडलेले जाड पान सावलीत पुरतेपणी बदलू शकत नाही. झाड ते सोडून देते आणि नव्या उजेडास साजेशी पाने नव्याने घडविते. या मधल्या दिवसांत त्यास खत नको असते, पुन्हा जागाबदल नको असतो, काळजीने रोज हलविणे नको असते. त्यास स्थिर उजेड आणि थोडी मुदत हवी असते. बदली झालेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या पहिल्या सहा महिन्यांकडे या दृष्टीने पाहावे. जे गळते ते सारेच नुकसान नसते. त्यातील काही जुन्या उजेडाची पाने असतात.

ज्यांच्या नावाचा हा घाट, त्या अहिल्याबाईंचे मोठेपण सांगताना आपण देवळे आणि घाट मोजतो. १७८०च्या सुमारास त्यांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारविले, हे सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते तेवढेच स्मरणीय हे की, महेश्वरी राहून दूरदूरच्या तीर्थांवर बांधलेल्या वास्तूंच्या पूजाअर्चेची, अन्नछत्रांची आणि देखभालीची त्यांनी पुढची तरतूद केली. बांधणे एका वेळच्या उत्साहाने होते; राखण्यास रोजचे लक्ष लागते. कुंडीतील रोपाचेही तसेच आहे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मायेच्या पुरापेक्षा रोज सकाळी दोन मिनिटे नीट पाहणारी दृष्टी त्यास अधिक मानवते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करू. उपाय लागू पडला की नाही हे ठरविताना आजारी पानाकडे पाहत राहू नये. एकदा वळलेले किंवा करपलेले पान पुन्हा सरळ होत नाही. उपाय अगदी बरोबर असला तरी त्याचा डाग राहतोच, आणि तो पाहून निराश झालेले लोक बरोबर उपायही सोडून देतात. शेंड्याशी जे नवे पान फुटेल त्याची वाट पाहावी. ते स्वच्छ आणि सरळ आले तर आपण रोपाचे म्हणणे बरोबर ऐकले असे समजावे. तेही वळलेले आले तर जिव्हाळ्यात कमतरता झाली असे न मानता पुन्हा एकदा पान उलटून पाहावे.